साठ महिन्यांची वॉरंटी, अडतीस महिन्यांनी

मार्च 2022 मध्ये परभणीत घरच्या इन्व्हर्टरसाठी 150 एएच क्षमतेची ट्युब्युलर (पाणी भरावं लागणारी) बॅटरी घेतली. अंगावर मोठ्ठा आकडा : ‘60 महिने वॉरंटी’. तोच बघून घेतली, खोटं कशाला बोलू.

बॅटरी म्हणून तक्रार नाही. दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय यांवर पाच तास आरामात निघायचे. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे पाणी भराभर उडतं, म्हणून उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर टाकत होतो. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लाइट गेलेली शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरूनच कळायची.

मे 2025 मध्ये, अडतिसाव्या महिन्यात, तिनं मान टाकली. वीस मिनिटांत इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला. मी निर्धास्त, अजून बावीस महिने हातात. कार्ड घेऊन दुकानात गेलो.

“सर, ते छत्तीस अधिक चोवीस असतंय,” दुकानदार म्हणाला. कार्डाच्या मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होतंही तसं. पहिले छत्तीस महिने बॅटरी बदलून मिळते. पुढचे चोवीस ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीवर सूट. मला 25 टक्के बसत होती.

मला वाटलं, चला, पाव किंमत तरी सुटली. मग त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला. सूट एमआरपीवर. छापील किंमत 22,000, म्हणजे सूट जाऊन 16,500, आणि जुनी बॅटरी कंपनीला फुकट द्यायची. तीच बॅटरी तो कोणालाही 14,500 ला विकतो. जुनीचे 3,000 वळते करतो, म्हणजे 11,500.

“मग वॉरंटी कामून घ्यावी माणसानं?”

“कोणीच घेत नाही सर.”

म्हणजे वॉरंटी वापरायची तर पाच हजार जास्त मोजायचे! हिशोब दोनदा केला, तेवढाच आला.

यात बेकायदा काय ते मला दाखवता येईना. एमआरपीच्या वर विकायला बंदी आहे, पण अशा वस्तूवर एमआरपी किती फुगवून छापावी याला कायद्यात वरची मर्यादा नाही. अट कार्डावर छापलेली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत नि त्याच फॉन्टमध्ये हवा, असं त्यांत म्हटलंय. पण ती जून 2022 ची, माझी खरेदी मार्चची. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं : ‘अटींनुसार सूट देण्यास तयार आहोत.’ बरोबरच आहे की, ते तयारच होते!

दुकानदारावर राग नाही. त्यानं खरं ते सांगितलं, तेही न विचारता.

नवी बॅटरी त्याच्याकडूनच घेतली, दुसऱ्या कंपनीची. तिच्यावर ‘72 महिने’ लिहिलंय. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं पेन काढला आणि बिलावर लिहून दिलं : 36 + 36.