अंबडमध्ये बनवून घेतलेली क्वाड्रुपोल जोडी: काम नेटकं, पण इलेक्ट्रॉन गनला जोडू नका

आयन बीम (विद्युतभारित अणूंचा झोत) फोकस कसा होतो हे लॅबमध्ये दाखवायला क्वाड्रुपोल मॅग्नेटची, म्हणजे आळीपाळीने उत्तर-दक्षिण अशा चार ध्रुवांच्या चुंबकांची, जोडी हवी असेल, तर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ती जॉबवर्कवर बनवून मिळते. वायरकटवाले (ठिणगी पाडणाऱ्या तारेने धातू कापणारे) आणि मोटर वाइंडिंगवाले हाकेच्या अंतरावर, हा मोठा फायदा.

आमची ऑर्डर: बोअर (बीम जाण्याची मधली मोकळी जागा) 40 मिमी, लांबी 100 मिमी, लो-कार्बन स्टीलचे चार पोल, प्रत्येकावर 18 गेज इनॅमल तारेचे 250 टर्न. 4 अँपिअरला हिशेबाने 6.3 टेस्ला प्रति मीटर ग्रेडियंट (केंद्रापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र वाढण्याचा दर). पोलचं तोंड हायपरबोलाचं हवं. ते जमत नसेल तर 23 मिमी त्रिज्येचा चाप चालतो. वायरकटचं फिनिश उत्तम आलं. घोळ झाला तो वाइंडिंगमध्ये. एक कॉइल उलटी जोडलेली होती. माल ताब्यात घेण्याआधी हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारी कांडी) बरोबर मध्यभागी धरा, तिथं शून्य यायलाच हवं. योकला (पोल धरणाऱ्या बाहेरच्या लोखंडी चौकटीला) डोवेल पिन, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, मागून घ्या, नुसत्या बोल्टवर भागवू देऊ नका. केंद्र 0.2 मिमी सरकलं तरी बीमला साडेबारा गॉसचा फुकटचा धक्का बसतो.

सप्लाय कॉन्स्टंट करंटचाच लावा. कॉइल 50 अंशांनी तापली की तांब्याचा रोध वीसेक टक्के वाढतो. व्होल्टेज स्थिर ठेवलं तर ग्रेडियंट घसरतो आणि फोकस पुढे पळतो.

आता खरी मेख. बर्कलेच्या एनडीसीएक्स-1 या, आयन बीमने फ्यूजन साधण्याच्या संशोधनातल्या प्रयोगातल्या 0.3 एमईव्ही पोटॅशियम आयनांसाठी हा मॅग्नेट अगदी माफक भिंग ठरेल, एका प्रतलात (समजा आडव्या) फोकस अंतर सुमारे 78 सेंमी. दुसऱ्या (उभ्या) प्रतलात तो बीम फाकवतो, म्हणून तर जोडी लागते. पण इलेक्ट्रॉन गनमधले 2 केव्हीचे इलेक्ट्रॉन वळायला तीन हजार पटींहून सोपे. करंट बंद केला तरी स्टीलमध्ये उरलेलं चुंबकत्वच त्यांचा ठिपका बिघडवतं. इलेक्ट्रॉन गनसाठी लोखंड टाळा, नुसत्या कॉइलचा मॅग्नेट मागा. वाइंडिंगवाले तोही करून देतात, आणि स्वस्तात.

स्पेस चार्ज, म्हणजे बीममधल्या भारांचं एकमेकांना ढकलणं, मात्र यावर दिसणार नाही. फ्यूजनसाठी काही मीटरवरून काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर बीम आणताना आयन एकमेकांनाच ढकलतात. एनडीसीएक्समध्ये त्यावर उपाय म्हणून वाटेत प्लाझ्मा भरून ठेवत. तेवढा बीम करंट या बाकावर नाही.

किंमत ठरवताना पोल, वाइंडिंग आणि वॉर्निश यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या.