छताचा पंप ‘नवा टाकला’ म्हणून १४०० पौंड घेतले

कापडी छताची गाडी वापरणाऱ्या इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

माझी बीएमडब्ल्यू झेड४ २००५ची, जुनी घेतलेली. बटण दाबलं की दहाएक सेकंदांत छत मागे घडी होऊन बसतं; मोटरवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने ते हलवतो. ऑक्टोबरात एकदा बटण दाबलं तर काहीच झालं नाही, मोटरचा आवाजही आला नाही. हा फरक लक्षात ठेवा. मोटर घरघरतेय पण छत हलत नाही, तर बहुधा तेल कमी झालेलं असतं किंवा कुठेतरी गळती असते. अजिबात आवाज नसेल तर आधी फ्यूज, रिले (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि मग मोटर बघायची.

या गाडीत पंप मागे डावीकडे, छताच्या घडीखालच्या खोलगट जागेत तळाशी असतो. छतावरून ओघळलेलं पाणी तिथल्या निचऱ्याच्या नळीतून खाली जातं. नळीत पाचोळा, माती अडकली की पाणी साचतं आणि मोटर बुडते. माझंही तेच झालं होतं, पण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात सांगितलं, पंप जळलाय, नवाच टाकावा लागेल, त्यासाठी अख्खं छत उतरवावं लागेल. कार्डाने दिलेत तर व्हॅट लागेल, खात्यात टाका, १४००मध्ये करून देतो. मी टाकले. पावतीवर फक्त ‘छत दुरुस्ती’ लिहिलं होतं, पार्ट नंबर नव्हता. जुना पंप मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. तिथेच मी अडून बसायला हवं होतं. छत चालू झालेलं बघून आनंदात घरी आलो.

जानेवारीत, पावसाच्या एका आठवड्यानंतर, पुन्हा तेच. या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली आणि उघडताना स्वतः शेजारी उभा राहिलो. पंपाला काळा रंग मारलेला होता. त्याच रंगाचे शिंतोडे नळ्यांवर आणि वायरीच्या कनेक्टरवर उडालेले, म्हणजे पंप जागेवरून हललाच नव्हता. रंग खरवडला तर खाली जुना, खोल गेलेला गंज. निचऱ्याची नळी तर कुणी साफही केली नव्हती. मोटर वाळवून, रंगवून, तेवढ्यावर माझ्याकडून १४०० पौंड उकळले होते. मला सर्वात जास्त राग येतो तो त्या रंगाचा. चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. रंग चुकून मारला जात नाही.

दुसऱ्या माणसाने नळी मोकळी केली, दुसरा, दुरुस्त केलेला पंप बसवला आणि तो डिकीत, कोरड्या जागी हलवला. वायरी थोड्या वाढवाव्या लागल्या. छत उतरवावं लागलं नाही. ४५० पौंड झाले.

आता पैसे परत मिळवण्याचं. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम पुरेशा काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं, नाहीतर ते पुन्हा करून घेण्याचा किंवा पैसे कमी करून घेण्याचा हक्क आहे. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं; १०० पौंडांच्या वरच्या किमतीला ते लागू होतं. खात्यात टाकल्यामुळे ती वाट बंद झाली. म्हणून काम द्यायच्या आधीच लेखी कळवा की जुना भाग मला परत हवा, पावतीवर पार्ट नंबर हवा, आणि पंप काढताना-बसवताना फोटो हवेत. जो कां कूं करेल त्याच्याकडून गाडी घेऊन निघा.

मी गॅरेजवाल्याला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता दिवाणी न्यायालयात छोट्या रकमेचा दावा लावतोय. तिथे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे चालतात. दुसऱ्या मेकॅनिकने लेखी अहवाल दिलाय. तो रंगवलेला पंप मी पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवलाय. सुनावणीला सोबत नेणार आहे.