आरसीसीबी: उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीत वायरिंग नवं करून घेतलं, तेव्हा डीबीत, म्हणजे घराच्या वीजपेटीत, ४० अँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट भलत्या वाटेने जमिनीत गळायला लागला की हा स्विच आपोआप पडतो, म्हणजे वीज तोडतो; आमचा ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा आहे. पावसाळा काढल्यावर खात्रीने सांगतो, गीझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात हा हवाच.

एमसीबी (जास्त करंटला पडणारा नेहमीचा स्विच) असताना हा वेगळा कशाला, असं शेजारी अजून विचारतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायर तापून जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेला तरी एमसीबीला तो किरकोळ लोड वाटतो, आणि एवढ्यात माणूस दगावतो. आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला तर काही होत नाही. थोडा जरी ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत उतरला, तर हिशोब जुळत नाही, कड्यावरच्या वेगळ्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं आणि स्विच पडतो. १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान तो कुठेही पडू शकतो. ३० ला मात्र ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवा.

सुरुवातीला गॅलरीतला दिवा लावला की अख्ख्या घराची लाईट जायची. वायरमनने कारण शोधलं: दिव्याचा फेज आमच्या डीबीतून, न्यूट्रल जिन्याच्या लाईनवरून. ९ वॅटच्या एलईडीचा करंट तो किती, ४० मिलिअँपिअरच्या आसपास, पण तो सगळाच दुसऱ्या वाटेने परतत होता. जुन्या इमारतींत असे उसने न्यूट्रल सर्रास सापडतात. ते आधी शोधून घ्या.

खरी किंमत कळली जुलैत. गीझर लावला की आरसीसीबी पडायचा. दुसऱ्या एका वायरमनने सुचवलं, गीझर डायरेक्ट करून टाकू, म्हणजे आरसीसीबी वगळून जोडू. आईने त्याला तिथेच थांबवलं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्यावर एलिमेंटचं इन्सुलेशन गेलेलं निघालं. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते. नळीला बारीक तडा गेला की ती ओल धरते. अर्थिंग ठीक होतं म्हणून गळती अर्थच्या वायरने गेली आणि नळाला कुणाचा हात लागण्याआधीच स्विच पडला. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी चालतो, पण तिथे तो पडतो माणसाला झटका बसल्यावर. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आणि पायाखाली कोरडं लाकूड असेल, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटही तो पाहत नाही. एमसीबी सोबत लागतोच.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबतो. बटणाने यंत्र पडतं की नाही एवढंच समजतं, अर्थिंगचं काही समजत नाही.

तक्रार एकच: घरभर एकच आरसीसीबी. प्रत्येक चार्जर, टीव्ही, संगणक थोडी थोडी गळती करतोच. ती साठते आणि दमट दिवसांत निमित्त पुरतं. बाथरूममध्ये काही झालं की फ्रिजही बंद. म्हणून आता बाथरूम आणि स्वयंपाकघराला वेगळा बसवतोय, आणि तो टाइप ए. आधीचा टाइप एसी आहे, तो साध्या एसी करंटचीच गळती ओळखतो. इन्व्हर्टर मोटर असलेल्या वॉशिंग मशीनची गळती पल्सेटिंग डीसीचीही, म्हणजे एकाच दिशेने ठोके देत वाहणाऱ्या करंटचीही, असू शकते; ती टाइप ए ओळखतो. दुकानात विचारताना प्रकार स्पष्ट सांगा आणि आयएस १२६४० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या.