विंडोज सर्व्हरवर जँगो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचे जँगो या पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले अॅप्लिकेशन गेले आठ महिने विंडोज सर्व्हर २०२२ वर आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरच्या मागे चालू आहे. लिनक्स घ्यावे असा सल्ला अनेकांनी दिला होता. परंतु कार्यालयात सर्व्हर सांभाळणारी माणसे विंडोजचीच जाणकार असल्याने आणि डेटा आधीपासून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये असल्याने आम्ही हाच मार्ग धरला. त्याचा पश्चात्ताप नाही. सुरुवातीचे दोन आठवडे मात्र कठीण गेले, आणि त्यामागचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघाले: हाताने चालवलेला प्रोग्रॅम आपल्या लॉगिनखाली चालतो, तर आयआयएस तोच प्रोग्रॅम अॅप्लिकेशन पूलच्या (अॅप्लिकेशन वेगळे ठेवून चालवण्याच्या आयआयएसमधील कप्प्याच्या) वेगळ्या खात्याखाली चालवते.

पहिली अडचण पायथनच्या जागेची होती. नेहमीच्या सवयीने मी ते केवळ माझ्यापुरते इन्स्टॉल केले होते, म्हणजे ते माझ्या प्रोफाइलमधील अॅपडेटा फोल्डरमध्ये गेले आणि पूलच्या खात्याला तेथे प्रवेशच नव्हता. सर्व वापरकर्त्यांसाठी ते पुन्हा इन्स्टॉल करून प्रकल्पाच्या फोल्डरवर वाचण्याचे आणि अपलोडच्या फोल्डरवर लिहिण्याचे अधिकार दिल्यावर काम पुढे सरकले.

पायथनची वेब अॅप्लिकेशन्स चालवणारा गुनिकॉर्न हा सर्व्हर विंडोजवर चालत नाही, आणि पायथन आयआयएसला जोडण्यासाठी जुन्या लेखांतून सुचवला जाणारा डब्ल्यूफास्टसीजीआय आता सांभाळला जात नाही. म्हणून आम्ही गुनिकॉर्नचेच काम विंडोजवर करणारा वेट्रेस निवडला आणि एचटीटीपी-प्लॅटफॉर्म-हँडलर या आयआयएसच्या पूरक घटकाच्या साहाय्याने तो आयआयएसला जोडला. हा हँडलर प्रक्रिया स्वतः सुरू करतो, तिला पोर्ट नेमून देतो आणि ती बंद पडल्यास पुन्हा उभी करतो. ही जोडणी मला मनापासून आवडली, कारण वेगळी विंडोज सर्व्हिस लिहावी लागली नाही.

सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो देवनागरीने, आणि मराठी वाचकांनी हा भाग नीट वाचावा असे वाटते. सभासदांची नावे सीएसव्ही फाइलमधून घेताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) दिले नसेल, तर आमच्या सर्व्हरवरील पायथन ती फाइल देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८ ऐवजी सीपी-१२५२ (विंडोजची जुनी, देवनागरी नसलेली पद्धत) समजून वाचत असे. ‘रमेश’ हे नाव कोणतीही तक्रार न करता निरर्थक चिन्हांच्या रूपात आत गेले, तर ‘सुनील’पाशी प्रोग्रॅम कोसळला. ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटचा ८१ (हेक्साडेसिमल अंकांत) आहे आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागी अक्षरच नाही. हलन्ताच्या ८डी या बाइटाचेही तेच, त्यामुळे जोडाक्षर असलेले प्रत्येक नाव अडत होते. कोसळणारी नावे निदान लगेच कळली. निमूटपणे बिघडलेली नावे शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. त्याच सुमारास कोडमध्ये राहून गेलेल्या एका प्रिंट ओळीमुळे नाव छापताना ५०० क्रमांकाची सर्व्हर-चूक येऊ लागली, तीही केवळ आयआयएसखाली. कन्सोलवर तीच ओळ व्यवस्थित चालत होती; आयआयएसखाली मात्र लॉग फाइलकडे वळवलेले आउटपुटही सीपी-१२५२ मध्ये जात होते. आयआयएसच्या वेब.कॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घातला आणि दोन्ही प्रश्न मिटले. कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहिण्याची शिस्त तरीही आम्ही सोडलेली नाही.

आयआयएसच्या मूळ सेटिंगांपैकी दोन पहिल्याच दिवशी बदलावीत. वीस मिनिटे कोणी फिरकले नाही तर पूल झोपी जातो आणि सकाळच्या पहिल्या कर्मचाऱ्याला ताटकळावे लागते. ही मर्यादा आम्ही शून्य केली. दुसरे म्हणजे पूल दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, स्वतःला नव्याने सुरू करतो. ही वेळ रोज पाच तासांनी पुढे सरकत असल्याने कधीतरी ती भर कामकाजात येणारच. आम्ही पहाटे तीनची वेळ ठरवून दिली. कागदपत्रे अपलोड होणार असतील तर आयआयएसची तीन कोटी बाइटांची मर्यादाही पाहावी, कारण ती ओलांडल्यावर येणारी ४०४ ची चूक जँगोपर्यंत पोहोचतच नाही आणि माणूस उगाच आपल्या यूआरएलमध्ये दोष शोधत बसतो.

या व्यवस्थेत मला आजही खटकणारी गोष्ट म्हणजे अद्ययावतीकरण. चालू प्रक्रियेने उघडलेल्या लायब्ररीच्या फाइली विंडोज बदलू देत नाही, म्हणून पॅकेज बदलण्यापूर्वी पूल थांबवावा लागतो. आम्ही हे काम शनिवारी काउंटर बंद झाल्यावर करतो आणि तेवढी पाच मिनिटे अॅप्लिकेशन बंद राहील, हे शाखांना आधीच कळवून ठेवतो.