बग बाउंटी: स्पर्धा घ्यावी, इम्युनिफायवर जावं की घरचीच चालवावी?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कोड) तयार आहे, त्या कोडचं एक ऑडिट उरकलंय आणि राहिलेले बग बाहेरच्या लोकांकडून शोधून घ्यायचेत. पैसा मात्र बेताचाच. अशा टीमपुढे साधारण तीन वाटा असतात.

पहिली म्हणजे कोडअरीना किंवा शेरलॉकसारख्या ठिकाणची ऑडिट स्पर्धा. बक्षिसाची रक्कम आणि मुदत आधीच ठरते, कोड सगळ्यांपुढे ठेवला जातो आणि अनेक जण एकदम त्यावर तुटून पडतात. एकच बग पाच जणांना सापडला तर बक्षिसाचे वाटे पडतात, म्हणून प्रत्येक जण इतरांच्या नजरेतून सुटलेलं काही धुंडाळतो. खर्चाचा अंदाज आधीच येतो, ही मोठी सोय. पण मुदत संपली की सगळे पुढच्या स्पर्धेकडे वळतात, आणि तुमचा कोड मात्र बदलतच राहतो.

दुसरी वाट म्हणजे इम्युनिफाय या मंचावरची कायम चालणारी बाउंटी, म्हणजे बग कळवणाऱ्याला बक्षीस. तिचा उपयोग नेमका इथे होतो. २ फेब्रुवारी २०२२ रोजी एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या वर्महोल ब्रिजमधून सुमारे ३२ कोटी डॉलरचं इथर (इथेरियम ब्लॉकचेनचं चलन) चोरीला गेलं. त्याच महिन्यात एका संशोधकाने इम्युनिफायमार्फत दुसराच बग कळवला. इथेरियमवरच्या ब्रिजचं मूळ कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे (व्यवहार पुढे पाठवणाऱ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमागे) होतं आणि त्याचं इनिशियलायझेशन, म्हणजे सुरुवातीची मांडणी, राहून गेलं होतं. कोणीही ते ताब्यात घेऊन नष्ट करू शकला असता आणि ब्रिजमधला पैसा कायमचा अडकला असता. ही फट आधीच्या एका दुरुस्तीतूनच उघडली होती. वर्महोलने त्या संशोधकाला १ कोटी डॉलर दिले. महिनाभर आधी घेतलेल्या स्पर्धेत हा बग कसा सापडणार?

बाउंटीत वैध बग सापडला तरच बक्षीस द्यावं लागतं. मंचाचं शुल्क वेगळं. गंभीर बगला धोक्यातल्या रकमेच्या १० टक्के, असा दर इम्युनिफाय सुचवतं. कोट्यवधी डॉलर सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलने (अशा कॉन्ट्रॅक्टवर चालणाऱ्या सेवेने) पन्नास हजार डॉलरची बाउंटी लावली, तर बग विकायचा की कळवायचा हा प्रश्न तुम्ही शोधणाऱ्याच्या सचोटीवर सोडून दिलात.

अर्थात रक्कम मोठी लावली म्हणजे झोप लागते असंही नाही. क्रिप्टो कर्जाचा प्रोटोकॉल असलेल्या ऑयलर फायनान्सची बाउंटी १० लाख डॉलरची होती आणि ऑडिटही अनेक झाली होती. तरी नंतर जोडलेल्या एका फंक्शनमधली चूक महिनोन्‌महिने कोणी कळवली नाही. मार्च २०२३ मध्ये तिथूनच सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलर उचलले गेले. हल्लेखोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली, हे नशीबच म्हणायचं. असा नवा भाग जोडताना त्यावर पुन्हा छोटी स्पर्धा घ्यावी, असं मला वाटतं.

तिसरी वाट घरची: आपलीच बाउंटी, आपलाच ईमेल. इथेरियम फाउंडेशन तसा कार्यक्रम चालवतं, पण आलेला प्रत्येक अहवाल तपासायला त्यांच्याकडे प्रोटोकॉल जाणणारी माणसं आहेत. चार जणांच्या टीमचा दिवस एआयने लिहिलेले बनावट अहवाल वाचण्यातच जाईल. शिवाय बग गंभीर की किरकोळ यावर वाद झाला, तर मध्यस्थ कोणी नाही. लहान टीमने या वाटेला जाऊ नये.

तेव्हा कोड अजून मेननेटवर (खऱ्या पैशांच्या ब्लॉकचेनवर) गेला नसेल तर आधी स्पर्धा. लोकांचे पैसे आत येऊ लागले की बाउंटी, आणि ठेवी वाढतील तसं बक्षीसही वाढवायचं. बक्षीस स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाला बांधलेल्या नाण्यात) द्या. स्वतःचं टोकन दिलंत तर अनुभवी शिकारी फिरकणार नाहीत. दोन्हींसाठी एकदम पैसे नसतील तर स्पर्धा लहान करा, पण बाउंटीची रक्कम बाजूला काढून ठेवाच.

यातलं काहीही खाजगी चाव्या (क्रिप्टो वॉलेटचे व्यवहार मंजूर करणारे गुप्त कोड) सांभाळत नाही. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले, ते अनेक सह्यांच्या वॉलेटवर फसव्या व्यवहाराला सह्या मिळवून. त्यासाठी सही करणाऱ्यांची शिस्त आणि हार्डवेअर वॉलेटच्या (चाव्या ठेवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) पडद्यावर व्यवहार नीट वाचण्याची सवय हवी. तो खर्च वेगळा धरा.