स्वस्तातला बेस : सेटअप, नवे पिकअप की सरळ दुसरा बेस?

हातात पंधरा-वीस हजारांचा बेस गिटार आहे, आणखी सात-आठ हजार घालायची तयारी आहे आणि आवाज काही मनासारखा येत नाही. अशा वेळी तीन वाटा असतात. जाणत्या कारागिराकडून नीट सेटअप (नेक, तारांची उंची आणि स्वर जुळवून घेणं) करून घ्यायचा आणि तारा बदलायच्या. नाहीतर पिकअप (तारांची कंपनं पकडणारा चुंबकाचा भाग), पॉट (नॉबखालचा आवाज-टोन कमी-जास्त करणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) असे भाग बदलायचे. किंवा आहे तो विकून, भर घालून वरचा घ्यायचा. व्हिडिओंमध्ये मधली वाट सगळ्यात जास्त दिसते, कारण जुना पिकअप काढून नवा चमकता बसवताना बघायला मजा येते. कानस घेऊन नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) घासणाऱ्या माणसाकडे कोण बघत बसणार? पण वाद्यवृंदात किंवा बँडमध्ये नियमित वाजवणाऱ्याने सुरुवात त्या कानशीपासून करावी, असं माझं मत आहे.

त्याच्याही आधी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी. बेसचा दुसरा जवळपास कुठलाही भाग सहज बदलता येतो. नेक वाकडी-पिळलेली असेल किंवा ट्रस रॉड (नेकला सरळ ठेवणारी आतली सळई) शेवटपर्यंत आवळून संपलेला असेल, तर त्या बेसवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया. तपासणी घरी होते. बेस सुरात लावा, ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आणि नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. साधारण ०.३ ते ०.३५ मि.मी. हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढंच असतं. ते तारेला जेमतेम घासून सरकलं तर नेक ठीक आहे. फट फार असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, एका वेळी तेवढाच, आणि पुन्हा सुरात लावून मोजायचं. रॉडचा हा नट फिरतच नसेल किंवा फिरवूनही फट जागची हलत नसेल, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटी, तिसऱ्या वाटेकडे गेलात तरी चालेल.

आता सेटअप विरुद्ध पिकअप. ‘आवाज घुसमटतो’, ‘नोट उठत नाही’, ‘वरच्या फ्रेटवर बेसूर होतो’ या तक्रारी आवाजाच्या वाटतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा हाताच्या असतात. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असली की बोट जास्त दाबतं, तार ताणली जाते आणि स्वर चढतो. दोन गाण्यांनंतर हात थकला की प्रत्येक नोट वेगळ्या ताकदीने पडते आणि मग माणूस पिकअपला शिव्या घालतो. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मि.मी. आणि जी (सगळ्यात बारीक) तारेखाली २ मि.मी. ही फेंडर या अमेरिकन कंपनीची आजच्या फ्रेटबोर्डांसाठीची प्रचलित मापं आहेत. स्वस्त बेस खोक्यातून निघतो तेव्हा बऱ्याचदा याच्या बराच वर असतो. सॅडल (ब्रिजवरचे, तारा टेकतात ते छोटे तुकडे) खाली घेऊन घेऊन तळाला टेकले तरी अ‍ॅक्शन उतरत नसेल, तर नेकच्या खाचेत बॉडीच्या बाजूच्या टोकाला पातळ पुठ्ठ्याची पट्टी घालून कोन बदलतात. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा या कामाला उत्तम, आणि तो आपल्याकडे कुणाच्याही घरी निघतो.

स्वस्त बेसमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे नट. कारखान्यात त्याच्या खाचा उथळ ठेवतात, म्हणजे तार फ्रेटला घासण्याची तक्रार येत नाही. पण त्यामुळे पहिल्या दोन फ्रेटवर बोटाला विनाकारण जोर लागतो आणि एफ नेहमी किंचित चढा ऐकू येतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच खोल करायची. हे काम मात्र कारागिरालाच करू द्या, कारण एक हात जास्त फिरला की नवा नट बसवावा लागतो. सॅडल मागे-पुढे करून बाराव्या फ्रेटचा स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून येणाऱ्या स्वराशी) जुळवणं (स्वर चढा असेल तर सॅडल मागे) आणि पिकअपची उंची लावणं, ही दोन्ही कामं पेचकस आणि ट्यूनर घेऊन घरी होतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबल्यावर पिकअप आणि तार यांच्यात अडीच-तीन मि.मी. ठेवून सुरुवात करा. जास्त जवळ नेलं तर चुंबक तारेला खेचतो आणि ई तार दोन स्वरांत रडल्यासारखी थरथरते.

या सगळ्याची मजुरी नावाजलेल्या पिकअपच्या सेटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तोटा एकच, आणि तो आपल्या हवेचा. मेमध्ये केलेला सेटअप जुलैत तसाच राहत नाही. एसी रिहर्सल रूम, मग दमट प्लॅटफॉर्म, मग पाऊस, अशा फेऱ्यांत लाकूड ओल घेतं-सोडतं आणि नेक कधी पुढे, कधी मागे हलते. त्यामुळे पाव फेऱ्याचं ते काम स्वतः शिकून घ्या. दर वेळी पैसे देऊन करून घेण्यासारखं ते नाही.

तारांमध्ये निवड राउंडवाउंड (गोल तारेची वेटोळी असलेल्या) आणि फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीची वेटोळी असलेल्या) अशी. राउंडवाउंडला झणकार असतो, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचं तर दुसरा पर्याय नाही. पण मुंबईच्या घामात आणि खाऱ्या हवेत तो झणकार फार लवकर बसतो. मळ वेटोळ्यांच्या फटींत भरतो. तारा पाण्यात उकळून काहींना चार दिवस पुन्हा जीव येतो, एवढंच. फ्लॅटवाउंड महाग पडतात, पण गुळगुळीत पट्टीमुळे मळ धरत नाहीत, बोट सरकताना किरकिर होत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन एकच फ्लॅट तारांचा संच तुटेपर्यंत वापरायचा, हे बेसवाल्यांमध्ये सर्वश्रुत आहे. शिवाजी मंदिर किंवा गडकरी रंगायतनात जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद वाजवत असाल, तर नवे पिकअप सोडा, आधी फ्लॅट लावून बघा. साठ-सत्तरच्या दशकातला तो गोल, आखूड ठेका हवा असेल तर तो बराचसा तारेतूनच येतो. रॉक-मेटलवाल्याने मात्र या नादी लागू नये. आणखी एक, ४५-१०५ जाडीच्या तारांऐवजी ४०-९५ चा बारीक संच लावला तर हाताला लगेच हलकं वाटतं, पण ताण बदलल्यामुळे नेक पुन्हा तपासावी लागते.

आता गुणगुण. माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी जातात ते इथे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा ४९ हर्ट्झ, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झ. म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. गाणं नेमकं पांढरी पाचवर असलं की तंबोऱ्यासारखी एक बेसूर गुणगुण तुमच्या षड्जाला चिकटून बसते. ती ऐकून लोक थेट नॉइजलेस (गुणगुण मारणाऱ्या) पिकअपची ऑर्डर देतात. त्याआधी पाच मिनिटं काढा. सगळे नॉब पूर्ण उघडा आणि काहीही न वाजवता ऐका.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली, तर शील्डिंग (आतल्या खाचांना दिलेलं धातूचं आवरण) अपुरं आहे. ते स्वस्तात सुटतं. तारांना हात लावून फरक नाही, पण जॅकच्या (केबल घालतो त्या भोकाच्या) धातूला लावल्यावर कमी होते, तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटली आहे. एक सोल्डर मारला की काम झालं. हात लावल्यावर उलट वाढली, तर जॅकवर दोन वायर अदलाबदल झाल्यात. आणि बेस हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर ती चुंबकीय गुणगुण आहे. तिच्यावर तांब्याची पट्टी चालत नाही. तिथे खरोखर दुसऱ्या जातीचा पिकअप लागतो. चाचणीच्या वेळी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पुन्हा ऐकाच. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची कुरकुर पिकअपच्या नावावर खपलेली मी कित्येक घरांत ऐकली आहे. जुन्या चाळीत प्लगला अर्थिंगच नसेल तर बेसमध्ये काहीही बदला, आवाज राहणार. आणि अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पला जोडलेल्या तारांवर हात ठेवून वाजवणं हा आवाजापेक्षा मोठा धोका आहे.

१९५७ पासून फेंडरच्या प्रिसिजन बेसमध्ये असलेला दोन तुकड्यांचा पिकअप मुळातच गुणगुण मारतो. दोन तुकडे उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे. फेंडरच्याच १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन वेगळे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवला की गुणगुण जाते, एक कमी केला की परत येते. पी-जे जोडणीच्या (एक प्रिसिजनचा, एक जॅझचा पिकअप असलेल्या) स्वस्त बेसमध्ये ‘जे’ पिकअप एकटा उघडल्यावर गुणगुणतो, तो म्हणूनच. बिघाड नाही तो. नेहमी पी वरच वाजवत असाल तर त्यासाठी एक रुपयाही खर्चू नका.

शील्डिंग करायचं ठरलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर. तांब्याची चिकटपट्टी घ्या, गोंदही विद्युतवाहक असलेली. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चालते म्हणतात, पण तिला सोल्डर धरत नाही. खाचेच्या भिंती आणि तळ मढवा, जोडांवर सोल्डरचा ठिपका द्या, एक वायर अर्थिंगला जोडा आणि जॅकचं ‘हॉट’ (सिग्नलचं) टोक पट्टीला टेकत नाही ना ते मल्टिमीटरने बघा. टेकलं तर बेस मुका. तिथेच ‘४७३’ छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर मिळतो. ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, बेसच्या टोनसाठीचं नेहमीचं मूल्य. तेलात बुडवलेल्या कपॅसिटरच्या जादुई गोष्टींवर पैसे घालवू नका, कानाला मूल्य ऐकू येतं, ब्रँड नाही. पॉट २५० किलोओहमचे, ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा चढता-उतरता वाटेल असे). फक्त घेण्यापूर्वी दांडा आणि भोक मोजा. अमेरिकन मापाचा पॉट आशियाई बेसच्या पत्र्यात बहुधा जात नाही, भोक वाढवावं लागतं, आणि जुन्या नॉबचे दातेही जुळत नाहीत.

पॉट खरखरत असतील किंवा टोन शेवटच्या टोकाला एकदम पडत असेल, तर हे काम पिकअपच्या आधी करा. दोन जॅझ पिकअप असतील तर एक पुश-पुल (वर ओढता, खाली दाबता येणारा) पॉट लावून ते सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडायची सोय करून घ्या. नॉब वर ओढला की आवाज मोठा, मधल्या पट्टीत भरलेला, खाली दाबला की पुन्हा मूळचा. एवढ्या कमी पैशांत इतका ऐकू येणारा बदल दुसरा नाही.

यानंतरही आवाज पातळ वाटला, तर पिकअप. सेमूर डंकन, डिमार्झिओ, बार्टोलिनी यांच्यात आणि कारखान्यातल्या साध्या पिकअपमध्ये फरक असतोच, नाही असं नाही. पण तो रेकॉर्डिंगमध्ये जास्त आणि ढोल-ताशा, कीबोर्डच्या गर्दीत कमी जाणवतो. जॅझचे दोन पिकअप बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात, ब्रिजकडचा जरा लांब. काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही सारखेच निघतात. मोजल्याशिवाय मागवू नका.

अ‍ॅक्टिव्ह प्रीअँपचं (आवाज वाढवून टोन घडवणाऱ्या सर्किटचं) किट बेसमध्ये बसवावं की बाहेर प्रीअँपचं पेडल ठेवावं? पेडल. किटला ९ व्होल्टची बॅटरी लागते, केबल जॅकमध्ये तशीच राहिली की ती रात्रभर संपत राहते आणि बेस विकलात की किटही गेलं. पेडल पुढच्या बेसलाही चालतं.

जड ब्रिजबद्दल दोन वाक्यं पुरेत. मूळचे सॅडल हलत-खडखडत नसतील तर त्याने आवाजात पडणारा फरक शोधावा लागतो, वजन मात्र नक्की वाढतं, आणि ते विरार लोकलमध्ये खांद्यावर तुम्हालाच न्यायचं असतं. उलट हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) खाली झुकत असेल तर हलके ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) खरोखर कामाचे, पण त्याहून आधी आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा घेऊन बघा.

आता तिसरी वाट. नेक गेलेली असेल, फ्रेट झिजून खड्डे पडले असतील, किंवा नेकची रुंदीच हाताला जमत नसेल, तर विका. नटपाशी जॅझची नेक साधारण ३८ मि.मी., प्रिसिजनची ४१-४२. कुठलाही बदल करून हा फरक जात नाही. पाचवी तार हवी असेल तरी तेच. हाताला काय जमतं हे ठरवायला धोबी तलावच्या फुर्टाडोससारख्या, १८६५ पासून चालत आलेल्या दुकानात जाऊन दोन्ही जातींचे बेस अर्धा-अर्धा तास बसून वाजवा, अ‍ॅम्प न लावता. नेक आवडली तरच केबल मागा.

दुसऱ्या बाजूने, नेक चांगली आणि तक्रार फक्त आवाजाची असेल, तर दुप्पट किमतीचा नवा बेस घेऊनही सेटअप आणि तारांचा खर्च चुकत नाही. नव्या बेसलाही तो लागतोच. जुना, वापरलेला वरच्या श्रेणीतला बेस हा मधला सौदा बरा, पण ते व्हिजिटिंग कार्ड खिशात घेऊनच बघायला जा, आणि ट्रस रॉड विकणाऱ्यासमोर पाव फेरा दोन्हीकडे फिरतो का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मालक ‘माझ्या बेसला हात लावू नका’ म्हणाला, तर चहा घेऊन परत या.

बदल करणारच असाल, तर काढलेला प्रत्येक भाग, पिकअप, पॉट, अगदी स्क्रूसुद्धा, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. घेणारा मॉडिफिकेशनचे पैसे सहसा देत नाही, उलट भाव पाडतो. विकताना मूळचे भाग परत बसवायचे आणि महागडे पिकअप पुढच्या बेसमध्ये न्यायचे.