पासवर्ड बदलला म्हणून बिनधास्त राहू नका, माझ्या आत्याचे १८ हजार गेले

मागच्या महिन्यात आमच्यासोबत जे झालं ते लिहितोय, थोडं मोठं आहे पण पूर्ण वाचा, कारण मी पण "पासवर्ड बदलला की झालं" असंच समजत होतो.

रविवारी सकाळी फोनवर गुगलचा अलर्ट आला, नवीन डिव्हाइसवरून साइन इन झालंय, विंडोज. माझ्याकडे लॅपटॉपच नाहीये, सगळं फोनवर. लगेच पासवर्ड बदलला, ते अनोळखी डिव्हाइस साइन आउट केलं आणि विषय सोडून दिला. पासवर्ड कुठून गेला ते नंतर कळलं, कधीतरी कपडे मागवायला एका छोट्या साइटवर अकाउंट काढलेलं, मेल आयडी तोच आणि पासवर्ड पण तोच. हॅव आय बीन पोन्ड म्हणून साइट आहे, ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंटने २०१३ मध्ये सुरू केलेली, तिथे आपला मेल आयडी टाकला की कुठल्या लीकमध्ये आलाय ते फुकट कळतं, तिथे मला त्या कपड्यांच्या साइटचं नाव दिसलं. चोर असे लीक झालेले पासवर्ड दुसऱ्या साइट्सवर लावून बघत बसतात, कुठे ना कुठे लागतोच.

पाचव्या दिवशी दुपारी आत्याचा फोन, "पैसे मिळाले का रे? तू बरा आहेस ना?" मला काहीच कळेना. माझ्या इन्स्टावरून तिला मेसेज गेलेला, मित्राचा ॲक्सिडेंट झालाय, माझं यूपीआय चालत नाहीये, या क्यूआरवर टाक, संध्याकाळी देतो. तिने १८ हजार टाकले. तिच्या फोनवर तो मेसेज बघितला, सुरुवातच "नमस्ते आत्या जी". मी जन्मात तिला जी म्हटलेलं नाही. ती म्हणाली, मला पण खटकलं रे, पण ॲक्सिडेंट वाचलं आणि दुसरं काही सुचलंच नाही.

मग पासवर्ड बदलूनही हे कसं झालं? मामेभावाने त्याच्या कॉम्प्युटरवर माझं जीमेल उघडलं तेव्हा सापडलं. सेटिंग्जमध्ये एक फिल्टर बनवून ठेवलेला, इन्स्टाकडून आलेला प्रत्येक मेल एका अनोळखी आयडीवर फॉरवर्ड आणि माझ्याकडून डिलीट. चोर त्या रविवारी आत शिरला तेव्हाच केलेलं काम. मी पासवर्ड बदलला पण फिल्टर तसाच चालू, मग त्याने सावकाश इन्स्टावर फरगॉट पासवर्ड केलं, लिंक त्याच्याकडे गेली, मला इनबॉक्समध्ये काहीच नाही, सगळे मेल ट्रॅशमध्ये पडलेले, आणि ट्रॅश कोण उघडून बघतं! हे फॉरवर्डिंग आणि फिल्टर फोनच्या जीमेल ॲपमध्ये दिसत नाहीत, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच उघडावं लागतं, म्हणून ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी कुणाचा तरी विश्वासातला कॉम्प्युटर दहा मिनिटं घ्या आणि "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर्स" हे दोन्ही टॅब बघाच. गुगल अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल आपलाच आहे ना ते पण बघा, कुठल्या ॲपला अकाउंटचा ॲक्सेस दिलाय ते बघा, टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागतं ते) चालू करा आणि फोन हाताशी नसेल तेव्हा लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. इन्स्टाला पण टू स्टेप वेगळं लावावं लागतं, ते मी लावलं असतं तर नुसत्या लिंकवर तो आत गेला नसता. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा.

पैसे गेले की आधी १९३० ला फोन करा, सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात. आम्ही आधी बँकेत गेलो, तिथून घरी, मग रात्री फोन केला, तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत फिरलेले. तक्रार नंबर मिळालाय, पैसे नाहीत.

आत्याला मी पैसे दिले, घेतच नव्हती, फार वाईट वाटलं. इन्स्टा अजून परत मिळालेलं नाही, ओळख पटवायला व्हिडिओ सेल्फी पाठवलाय. तोपर्यंत माझ्या नावाने कुणाला काही आलं तर एक रुपया टाकू नका, आधी मला फोन करा.